चार लोकांत उभं राहून बोलायचंय? सभाधीट होण्याची पायरी-पायरीची पद्धत

कम्फर्ट झोनच्या बाहेर पडा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. किती बाहेर पडायचं, किती वेळा आणि सुरुवात कुठून करायची, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. म्हणून या लेखात एकच भीती घेतली आहे, चार लोकांत उभं राहून बोलण्याची. पालकसभेत प्रश्न ओठांपर्यंत येऊन परत फिरतो. ऑफिसच्या बैठकीत आपलाच मुद्दा शेजारचा मांडून मोकळा होतो. ग्रामसभेत पाण्याचा विषय निघतो आणि ज्याला पाइपलाइनची इत्थंभूत माहिती आहे तोच मागे भिंतीला टेकून गप्प उभा राहतो. माहिती असणारे गप्प बसले की निर्णय मोठ्या आवाजाचे लोक घेतात. त्यामुळे ही भीती मोडणं हे फक्त स्वतःपुरतं काम नाही.

पुढची पद्धत अगदी नवख्यांसाठी आहे. रोजची १५ ते २० मिनिटं आणि आठवड्यातून दोन-तीन खरे प्रसंग एवढी तयारी ठेवा. साधारण तीन महिने धरून चला.

भीती टिकते कशी

बोलायची वेळ आली की शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढतं. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, हात थरथरतात, पोटात गोळा येतो. यात बिघडलेलं काही नसतं. पळायला किंवा लढायला लागणारी ही तयारी शरीर सभागृहातही तशीच करतं, इतकंच. खरी अडचण पुढे होते. आपण हात खाली घेतो, प्रश्न विचारत नाही, आणि क्षणात मोकळं वाटतं. हे मोकळं वाटणं फार महागात पडतं, कारण मेंदू त्यातून शिकतो की गप्प बसलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो आणखी लवकर गप्प बसायला लावतो.

दक्षिण आफ्रिकेतले मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५०च्या दशकात भीतीच्या उपचारासाठी पायऱ्यांची पद्धत मांडली. ज्या गोष्टीची भीती वाटते तिच्या सौम्य रूपापासून सुरुवात करायची आणि टप्प्याटप्प्याने अवघड रूपाकडे जायचं. भीतीला ० ते १०० गुण द्यायची रीतही त्यांच्याच कामातून आली. पुढे पद्धतीत बरेच बदल झाले, पण पायऱ्या आणि गुण आजही वापरतात, आणि आपल्यालाही तेच करायचं आहे.

धीर आला की बोलू, असं म्हणून वाट बघत बसू नका. धीर बोलल्यानंतर येतो, तोही आपोआप नाही. तुम्ही मनात धरलेलं संकट खरंच आलं का, हे दर वेळी तपासलं तरच येतो. त्यासाठी वही लागते.

वही आणि चार रकाने

दोनशे पानी साधी वही घ्या. पानावर चार रकाने आखा: तारीख आणि प्रसंग; काय वाईट होईल असं वाटतं; आधीची भीती किती (० ते १००); प्रत्यक्षात काय झालं.

दुसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच लोक घाईत भरतात. “फजिती होईल” असं लिहून उपयोग नाही, कारण फजिती झाली की नाही हे नंतर ठरवता येत नाही. तपासता येईल असं लिहा. “दुसऱ्या वाक्यालाच अडखळेन आणि निदान तीन लोक हसतील.” “माझा आवाज इतका कापेल की अध्यक्ष बसायला सांगतील.” “प्रश्न विचारला की सचिव म्हणतील, हे अहवालात लिहिलंय, वाचलं नाही का?” असं लिहिलं की प्रसंग झाल्यावर हो किंवा नाही एवढंच लिहायचं उरतं. पंधरा-वीस नोंदी झाल्या की स्वतःचे अंदाज किती वेळा चुकले हे डोळ्यांसमोर येतं. कोणी कितीही धीर दिला तरी त्याला या पानाची सर येत नाही.

शिडी कशी बांधायची

आठ ते दहा पायऱ्या लिहा आणि प्रत्येकीला आपले गुण द्या. एक नमुना:

मोबाइलवर एकट्याने दोन मिनिटं बोलून रेकॉर्ड करणं: १५
तेच रेकॉर्डिंग बघणं: ३०
भरलेल्या एसटीत मागच्या सीटवरून कंडक्टरला आवाज देऊन पुढच्या थांब्याबद्दल विचारणं: ३५
घरच्या तिघांसमोर उभं राहून दोन मिनिटं बोलणं: ४०
बैठकीत एक प्रश्न विचारणं: ५०
बचत गटात किंवा भिशीत महिन्याचा हिशेब उभं राहून वाचणं: ५५
गणेशोत्सवात मंडळाच्या माइकवरून स्पर्धेची घोषणा: ६५
व्याख्यान संपल्यावर वक्त्याला प्रश्न: ७०
निरोप समारंभात तीन मिनिटं आभारप्रदर्शन: ७५
सोसायटीची वार्षिक सभा किंवा ग्रामसभा यांत मुद्दा मांडणं: ८५

हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे वेगळे येतील. काहींना अनोळखी गर्दी सोपी जाते आणि घरचे तिघेच अवघड जातात, विशेषतः वडीलधारी माणसं समोर असली की. तसं असेल तर क्रम बदला. दोन लागोपाठच्या पायऱ्यांत १५ पेक्षा जास्त गुणांचं अंतर नको. असेल तर मध्ये एक पायरी घाला: बसून बोलणं आणि उभं राहून बोलणं, वाचून बोलणं आणि न वाचता बोलणं, ओळखीचे पाच आणि अनोळखी पाच.

सुरुवात ३० ते ४० गुणांच्या पायरीपासून करा. खालच्या एक-दोन पायऱ्या पहिल्या आठवड्यात सहज उरकतात. ३० च्या खाली रेंगाळलात तर नवीन काही शिकणं होत नाही, आणि थेट ८५ वर उडी मारली तर भीतीच इतकी होते की काय घडलं हेच नंतर आठवत नाही. शाळेत तयारी नसलेल्या मुलाला वक्तृत्व स्पर्धेत उभं केलं जातं, ते पाठांतर विसरून रडत खाली येतं आणि पुढची वीस वर्षं माइकपासून लांब राहतं. अशी माणसं आपल्याकडे घरोघरी आहेत. ढकलल्याने भीती जाते हा समज सोडून द्यायला हवा.

एक पायरी आठवड्यात तीन ते पाच वेळा करा. महिन्यातून एकदा केलेला सराव टिकत नाही, कारण मधल्या दिवसांत जुनी भीती पुन्हा जागा धरते. वर कधी जायचं? सुरुवातीचे गुण निम्म्यावर आले, किंवा दुसऱ्या रकान्यातला अंदाज लागोपाठ तीनदा खोटा ठरला, की पुढची पायरी. भीती शून्यावर यायची वाट बघू नका. थोडी धडधड राहतेच, आणि ती उपयोगाचीही असते. मनावर ताण अजिबात नसला तर काम ढिलं होतं, फार झाला तर कोलमडतं, हे यर्कीज आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांच्या १९०८ सालच्या प्रयोगांपासून मानसशास्त्रात मांडलं जात आलं आहे.

श्वास, पाय आणि चहा

बोलण्यापूर्वी “दीर्घ श्वास घे” असं सांगतात, म्हणून लोक भराभर मोठे श्वास ओढतात. त्याने शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि आता आपण पडणार असं वाटायला लागतं. सोडायचा श्वास घ्यायच्या श्वासापेक्षा लांब ठेवा: मनात चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. मिनिटाला सहा श्वास होतात. खुर्चीत बसल्या बसल्या तीन मिनिटं पुरे. सभेच्या दिवशी पहिल्यांदाच करून बघू नका, आठवडाभर रोज रात्री करून अंगवळणी पडू द्या.

उभं राहताना पायांत खांद्यांएवढं अंतर ठेवा आणि गुडघे ताठ आवळू नका. आवळलेल्या गुडघ्यांनी बराच वेळ उभं राहिलं की पायांतलं रक्त वर चढायला अडचण होते आणि चक्कर येऊ शकते. मांड्या थरथरायला लागल्या तर वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्या, किंवा मुद्दा बदलताना एक पाऊल बाजूला टाका.

चहा-कॉफी बोलण्याच्या दोन-तीन तास आधी बंद. कॅफीनने होणारी धडधड आणि भीतीची धडधड यांत मनाला फरक कळत नाही. साधं पाणी जवळ ठेवा. उपाशीपोटी जाऊ नका आणि पंगतीतून उठूनही जाऊ नका.

भीती वाटायला लागली की स्वतःला “शांत हो, शांत हो” म्हणायची सवय असते. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की भाषणाआधी “मी शांत आहे” असं म्हणणाऱ्यांपेक्षा “मी उत्सुक आहे” असं मोठ्याने म्हणणारे चांगलं बोलले. धडधडतं शरीर एकदम शांत होत नाही, पण तीच धडधड उत्सुकतेची मानणं जमतं. तुमच्या तोंडी बसेल असं वाक्य घ्या: “आज मला हे सांगायचंच आहे.” दाराबाहेर दोनदा, आवाज काढून.

काय बोलायचं ते कसं लिहायचं

पूर्ण भाषण पाठ करू नका. पाठांतरात प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याच्या आधाराने आठवतं, त्यामुळे मधलं एक निसटलं की पुढचं काहीच सापडत नाही. पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य तेवढं पाठ करा. मधले तीन मुद्दे कार्डावर लिहा, दोन-दोन शब्दांत. “मोटार – बिल – तिप्पट” एवढं पुरतं.

कार्ड जाड आणि पोस्टकार्डाएवढं घ्या. मोठा पातळ कागद हातात धरला की हाताची बारीकशी थरथरही कागदाच्या टोकाला मोठी होऊन दिसते आणि माइकजवळ फडफडही ऐकू येते. जाड कार्डावर ती दिसत नाही. अक्षरं सेंटिमीटरभर उंच असू द्या, एका ओळीत दोन-तीनच शब्द, आणि दोनपेक्षा जास्त कार्डं असतील तर कोपऱ्यात क्रमांक. खाली पडली तर हाच क्रमांक कामाला येतो.

किती शब्द बसतील हे दुसऱ्याच्या मापाने ठरवू नका. वर्तमानपत्रातला २०० शब्दांचा मजकूर नेहमीच्या वेगाने मोठ्याने वाचा आणि मोबाइलवर वेळ लावा. त्यावरून आपला मिनिटाचा वेग काढा. प्रत्यक्षात घाबरल्यावर वेग वाढतो, म्हणून दोन मिनिटं मिळणार असतील तर दीड मिनिटाचाच मजकूर ठेवा. उरलेला वेळ थांबायला लागतो, आणि थांबणं नवख्यांना सगळ्यात अवघड जातं. पूर्णविराम आला की मनात एक-दोन म्हणून मगच पुढचं वाक्य. बोलणाऱ्याला ते दोन सेकंद फार लांब वाटतात, ऐकणाऱ्याला तेवढीच उसंत मिळते.

सराव उभं राहून आणि आवाज काढून करा. मनातल्या मनात केलेला सराव जिभेपर्यंत पोहोचत नाही. किमान पाच वेळा, आणि शेवटच्या दोन वेळा चुकलं तरी मागे न जाता. आरशासमोर बोलायचा सल्ला बरेच जण देतात. आम्ही तो देणार नाही. आरशाने सगळं लक्ष स्वतःच्या चेहऱ्याकडे जातं, आणि चार लोकांत घाबरणाऱ्याची मुळातली अडचणच ती असते. भिंतीवर तीन जागी तीन कागद चिकटवा आणि त्यांच्याकडे बघून बोला. पुढे तिथे माणसं येणार आहेत.

कोणत्या मराठीत बोलायचं

हा मुद्दा वरवर छोटा दिसतो. पण अनेकांचं तोंड याच एका कारणाने बंद राहतं. आपल्या बोलण्यात ‘ण’चा ‘न’ होतो, आपली मराठी वऱ्हाडी किंवा अहिराणी वळणाची आहे, मालवणी हेल लपत नाही, लोक हसतील. मग माणूस पुस्तकी मराठी बोलायला जातो. प्रत्येक शब्द तपासून टाकायचा, वाक्याचा शेवट सांभाळायचा आणि त्याच वेळी मुद्दाही मांडायचा, एवढं ओझं कोणाच्याच डोक्याला पेलत नाही. अडखळणं तिथे सुरू होतं आणि दोष भीतीला दिला जातो.

घरी ज्या भाषेत भांडता, समजावता, हिशेब सांगता, त्याच भाषेत बोला. ग्रामसभेत, बचत गटात, पालकसभेत समोरच्याला मुद्दा कळणं हेच काम आहे, आणि तुमची बोली ते काम पुरेपूर करते. बोलीवरून कोणी हसलंच तर ते त्याचं वागणं आहे, तुम्ही सुधारावं असं त्यात काही नाही. औपचारिक कार्यक्रमात चार शब्द जड हवे असतील तर “अध्यक्ष महोदय आणि उपस्थित सर्वांना नमस्कार” एवढं पाठ करा आणि तिथून आपल्या वळणावर या.

ऑफिसात इंग्रजीत बोलायचं असेल तर त्यासाठी वेगळी शिडी लिहा. मराठीत ४० गुणांचा प्रसंग इंग्रजीत ७० चा असू शकतो. दोन्ही भीती एकाच पायरीवर घेऊ नका. आधी मराठीत ६५ पर्यंत चढा, मग इंग्रजीची शिडी ३५ पासून सुरू करा.

कुबड्या ओळखा आणि एकेक सोडा

भीतीतून तरून जाण्यासाठी आपण नकळत काही उपाय करतो. मान खाली घालून कागद वाचणं, एका दमात सगळं उरकणं, मुद्दाम शेवटच्या रांगेत बसणं, हातात मोबाइल धरून ठेवणं, “मी काही वक्ता नाही” किंवा “आज जरा घसा बसलाय” अशी माफी मागूनच सुरुवात करणं. यांनी त्या वेळी निभावून जातं. पण मन त्याचं श्रेय कुबडीला देतं: वाचून बोललो म्हणून जमलं. मग दहा वेळा बोलूनही भीती होती तिथेच राहते आणि माणूस म्हणतो की सराव करूनही फरक पडला नाही.

आपल्या कुबड्यांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर करा. पायरी तीच ठेवून एका वेळी एकच सोडा. सगळ्या एकदम टाकल्या तर पायरीचे गुण वाढतात आणि ती जवळपास वरची पायरीच होऊन बसते. माफीचं वाक्य आधी सोडा, ते सगळ्यात सोपं. ऐकणाऱ्यांना तोपर्यंत काही खटकलेलं नसतं, माफीनेच त्यांचं लक्ष तिकडे वळतं.

“थोडी घेऊन” बोलायला जाणं ही सगळ्यात वाईट कुबडी. बोलणं सैल होतं आणि शिकलेलं काही उरत नाही. हाताची थरथर थांबवायला काही जण प्रोप्रानोलोल नावाची गोळी मित्राच्या सांगण्यावरून घेतात. ते करू नका. दमा असलेल्यांना ती धोक्याची ठरू शकते, आणि नाडी मंद किंवा रक्तदाब कमी असेल तरीही जपावं लागतं. डॉक्टरांनी तपासून दिली तरच घ्यावी.

रेकॉर्डिंग कसं बघायचं

स्वतःचा आवाज ऐकून बहुतेक जण दचकतात. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून आणि कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून तो भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडांतला भाग नसतो. बाकीच्यांना तुमचा आवाज कायम तसाच ऐकू येत आला आहे.

व्हिडिओ सुरू करण्याआधी वहीत लिहा: मी कसा दिसलो असेन? हात किती कापले, चेहरा किती लाल झाला, किती वेळा अडखळलो, ० ते १०० मध्ये. मग तीनदा बघा. पहिल्यांदा आवाज बंद करून, दुसऱ्यांदा फोन पालथा ठेवून नुसतं ऐकत, तिसऱ्यांदा पूर्ण. बघताना तो कोणी अनोळखी माणूस आहे असं धरा. नंतर आधीच्या आकड्यांशी ताळा करा. बहुतेक वेळा आतली घबराट बाहेर खूपच कमी दिसलेली असते. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली हेच दाखवलं: तुमची घबराट तुम्हाला वाटते तेवढी लोकांना दिसत नाही, एवढं ज्यांना आधी समजावून सांगितलं, त्यांची भाषणंही चांगली झाली.

माइक

माइकला लोक उगाच घाबरतात. पाच मिनिटं शिकून घेण्यासारखी ही गोष्ट आहे.

हातातला माइक तोंडापासून चार-पाच बोटांवर, हनुवटीच्या जरा खाली आणि वर तोंड करून तिरका धरा. वरची जाळी मुठीत झाकू नका. जाळी झाकली किंवा माइक घेऊन स्पीकरच्या समोर गेलात की शिट्टी वाजते. वाजलीच तर माइक खाली करा आणि स्पीकरच्या मागच्या बाजूला सरका. माइकवर हाताने टकटक करू नका, फुंकू नका, “मागे आवाज येतोय का?” एवढं विचारा. हा प्रश्न दोन कामं करतो. आवाज तपासला जातो, आणि लोकांनी मान हलवून उत्तर दिलं की पहिला संवाद झालेला असतो.

उभ्या स्टँडवरचा माइक असेल तर बोलायला लागण्याआधी उंची जुळवून घ्या. आधीचा वक्ता उंच होता म्हणून टाचा वर करून बोलू नका. बाजूला बघताना मान वळवली की आवाज जातो, त्यामुळे तोंड माइकसमोरच ठेवून अंग फिरवा. कॉलरचा माइक हनुवटीखाली साधारण वीतभर लावतात. मंगळसूत्र, ओढणी, उपरणं यांचा त्याला घासा लागला की दर हालचालीला खरखर होते, म्हणून तो लावून झाल्यावर एकदा दोन्ही खांदे हलवून बघा.

खरे प्रसंग कुठे मिळतात

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा नवख्यासाठी चांगली, कारण तयारीला वेळ मिळतो. महाराष्ट्रात ही सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते आणि नोटीस १४ दिवस आधी द्यावी लागते. नोटीस आली की विषयपत्रिका बघा आणि एकच विषय निवडा. हिशेबाचा विषय घ्या: आकडा बोलतो, तुम्हाला कमी बोलावं लागतं. हात वर करा, उभे राहा, नाव आणि फ्लॅट क्रमांक सांगा, पानाचा आणि रकमेचा उल्लेख करा आणि एक प्रश्न विचारून थांबा. “पान सात, लिफ्टची देखभाल. गेल्या वर्षीपेक्षा खर्च वाढलाय. वाढीचं कारण काय आणि निविदा किती आल्या होत्या?” तीस सेकंदांचं काम आहे. उत्तर समाधानकारक नसलं तरी पहिल्या वर्षी वाद घालत बसू नका. प्रश्न विचारून जागेवर बसणं एवढीच त्या दिवसाची पायरी.

गावात असाल तर ग्रामसभा. आपला विषय आधीच ग्रामपंचायत कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. विषय कागदावर असला की “मध्येच काय काढता” असं म्हणून कोणी बसवत नाही. महिलांनी दोघी-तिघींनी मिळून जावं आणि बोलायचा क्रम आधी ठरवावा. एकीने मुद्दा मांडला की दुसरीने लगेच “आमच्या आळीतही हेच आहे” एवढं म्हणायचं. त्याने पहिलीला बळ येतं आणि दुसरीचीही एक पायरी होते.

आभारप्रदर्शन हे आपल्याकडचं सगळ्यात सुरक्षित भाषण. लोक जागेवरून उठायच्या बेतात असतात, म्हणून छोटं बोलाल तर सगळे खूश. नावं दहाच्या आत ठेवा. नावाचा उच्चार आणि हुद्दा संयोजकांकडून आधी तपासून घ्या. विसरण्यापेक्षा चुकीचा हुद्दा जास्त लागतो. शेवटी “ज्यांची नावं राहिली असतील त्यांचेही मनापासून आभार” हे वाक्य ठेवाच.

शहरात टोस्टमास्टर्सचे क्लब आहेत, तिथे सभासद एकमेकांसमोर भाषणाचा सराव करतात. राल्फ स्मेडली यांनी १९२४ साली कॅलिफोर्नियातल्या सँटा अ‍ॅना इथे ही संस्था सुरू केली. पाहुणा म्हणून एक-दोन सभा बघून मग ठरवा. तिथे शिडी आयती मिळते: टायमरचं काम घेतलं तर फक्त वेळा वाचून दाखवायच्या, ‘टेबल टॉपिक’मध्ये आयत्या वेळच्या विषयावर एक ते दोन मिनिटं, आणि पहिलं तयार भाषण चार ते सहा मिनिटांचं. वेळ हिरव्या, पिवळ्या आणि लाल खुणेने दाखवतात.

बोलताना

भीती सगळ्यात जास्त असते ती सुरू करण्याआधी आणि पहिल्या मिनिटात. नंतर ती उतरायला लागते. म्हणून पाठ केलेलं पहिलं वाक्य त्या मिनिटासाठी. डावीकडे, मधे आणि उजवीकडे ऐकणारा एकेक चेहरा हेरून ठेवा आणि एक वाक्य एकाला, असं बोला. मोबाइल बघणाऱ्याकडे किंवा कपाळाला आठ्या घातलेल्याकडे लक्ष देऊ नका. आठ्या बऱ्याचदा नीट ऐकताना पडतात.

सगळं विसरलात तर? शेवटचं बोललेलं वाक्य पुन्हा म्हणा, पुष्कळदा पुढचं आपोआप येतं. नाही आलं तर “एक मिनिट, मुद्दा बघून सांगते” म्हणून कार्ड बघा. हे वाक्य घरी सरावात मुद्दाम तीन-चारदा वापरून ठेवा, म्हणजे वेळेवर तोंडात येईल. मध्येच कोणी “मुद्द्यावर या” म्हणून ओरडलं तर अध्यक्षांकडे बघून “अर्ध्या मिनिटात संपवतो” म्हणा आणि खरंच संपवा.

झाल्यावर दहा मिनिटांच्या आत चौथा रकाना भरा. घरी जाऊन रात्रभर मनात तेच भाषण पुन्हा पुन्हा चालवलं की झालेल्या चुका मोठ्या होतात आणि न झालेल्याही दिसायला लागतात. वही भरली की तो विषय त्या दिवसापुरता बंद. कोणाला विचारायचंच असेल तर “कसं झालं?” असं मोघम विचारू नका. “छान झालं”खेरीज उत्तर मिळत नाही आणि तुमचा त्यावर विश्वासही बसत नाही. “शेवटच्या रांगेत आवाज आला का?” किंवा “दुसरा मुद्दा कळला का?” असं विचारा.

ही पद्धत पुरी पडत नाही तेव्हा

सहा महिने किंवा जास्त काळ लोकांत जाण्याची, जेवण्याची, फोनवर बोलण्याचीही भीती वाटत असेल, तिच्यापायी नोकरीची मुलाखत किंवा कॉलेजची तोंडी परीक्षा टाळली जात असेल, तर एकट्याने शिडी चढू नका. मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ गाठा. यावर चांगले उपचार आहेत, आणि पायऱ्यांची हीच पद्धत ते तुमच्यासोबत राहून करून घेतात. सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही. बोलताना शब्द अडकत असतील, म्हणजे तोतरेपणा असेल, तर वाचा-उपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्या. शिडी तोतरेपणा असणाऱ्यांच्याही उपयोगाची आहे, फक्त चौथ्या रकान्यात किती वेळा अडकलो ते मोजू नका. म्हणायचं होतं ते पूर्ण म्हटलं का, एवढंच लिहा.

खंड पडला तर

परीक्षा, लग्नसराई, आजारपण, सुगी, काही ना काही येतं आणि दोन महिने सराव सुटतो. परत उभं राहिलं की छाती पूर्वीसारखीच धडधडते आणि सगळी मेहनत वाया गेली असं वाटतं. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवा अनुभव उभा राहतो, आणि वापर नसला की जुनी वर येते. अशा वेळी थांबलो होतो तिथून सुरू करू नका. दोन पायऱ्या खाली या, प्रत्येक पायरी आठवड्यात तीनदा करा आणि वहीतली जुनी पानं आधी वाचून घ्या. पहिल्या चढाईला जेवढा वेळ लागला त्यापेक्षा हा वेळ बहुधा कमी असतो. खंड टाळायचा असेल तर महिन्याला ठरलेलं एक काम अंगावर घेऊन ठेवा: भिशीचा हिशेब वाचणं, वाचनालयाच्या कार्यक्रमाचं प्रास्ताविक, सोमवारच्या बैठकीतला पहिला अहवाल. तारीख ठरलेली असावी आणि तुमच्याऐवजी दुसरं कोणी ते काम करणार नाही, एवढी काळजी घ्या.